योगोपचाराच्या अभ्यासक्रमात 'वर्ज्य' कुठे आहे?

प्रति,
योगशिक्षक आणि योगोपचार प्रमाणपत्र अभ्यासक्रम चालवणाऱ्या संस्थांची अभ्यासमंडळं

विषय : निषेध, मात्रा आणि नोंदी यांना अभ्यासक्रमात स्वतंत्र तास व गुण देण्याबाबत

सप्रेम नमस्कार.

तुमच्या अभ्यासक्रमातून बाहेर पडणाऱ्या शिक्षकाला साठ-सत्तर आसनं येतात. नावं, कृती, लाभ, सगळं तोंडपाठ. आता त्याच्यासमोर असा माणूस बसवा : वय ६२, मधुमेह, बीपीची गोळी रोज सकाळी, डाव्या डोळ्यात काचबिंदू, उजवा गुडघा पुरता दुमडत नाही. शिक्षक वहीतलं 'मधुमेह' हे पान काढतो. तिथे मंडूकासन, अर्धमत्स्येंद्रासन, पश्चिमोत्तानासन, सर्वांगासन आणि कपालभाती लिहिलेलं असतं. मंडूकासन वज्रासनात बसून करायचं, म्हणजे गुडघ्यामुळे ते गेलं. सर्वांगासन काचबिंदूमुळे गेलं. कपालभाती रक्तदाब मोजल्याशिवाय नाही, आणि या डोळ्याला मोजूनही नको. पश्चिमोत्तानासन हाडं कितपत ठिसूळ आहेत हे विचारेपर्यंत थांबलं. उरलं अर्धमत्स्येंद्रासन, तेही खुर्चीवर बसून. पाचातली चार पहिल्या मिनिटातच खोडली गेली, नुसतं ऐकून. हे खोडणं त्या शिक्षकाला कुणी शिकवलेलंच नाही.

हे पत्र लिहिणारे आम्ही सगळे उपचारासाठी योग देण्याचंच काम करतो. त्यामुळे तक्रार घरातली आहे, बाहेरच्याची टीका नाही.

रोगाच्या नावाचं हे पान आलं कुठून? जुन्या ग्रंथांतून तर नक्कीच नाही. पतंजलींनी चित्ताला विचलित करणारे नऊ अंतराय सांगितले, त्यातला पहिला व्याधी. म्हणजे रोग हा वाटेतला अडथळा. तो दूर करायचा तो पुढे जाण्यासाठी. पुढच्याच सूत्रात या अंतरायांबरोबर दिसणाऱ्या गोष्टी येतात : दुःख, दौर्मनस्य, अंगमेजयत्व आणि श्वास-प्रश्वास. कुठे दुखतंय, मन किती खचलंय, अंग थरथरतंय का, श्वास कसा चाललाय. उपचारकाच्या पहिल्या तपासणीचा याहून आटोपशीर तक्ता आजही सापडणार नाही. पण तुमच्या पेपरात या सूत्रावर 'स्पष्ट करा' एवढाच प्रश्न येतो. समोरच्या माणसावर ते वापरून दाखवा, असं कुणी म्हणत नाही.

पंधराव्या शतकाच्या आसपासची हठप्रदीपिका घ्या. मत्स्येंद्रासनाने जठराग्नी प्रदीप्त होतो, मयूरासनाने गुल्म आणि उदर हे विकार जातात, हे तिथे आहेच, आणि ते प्रत्येकाला पाठ असतं. पण दुसऱ्या उपदेशात ग्रंथकर्ते स्वात्माराम काय म्हणतात? ज्याच्या शरीरात मेद आणि श्लेष्मा (कफ) अधिक आहे त्याने आधी षट्कर्मं, म्हणजे सहा शुद्धिक्रिया, करावीत. इतरांनी ती करू नयेत, कारण त्यांचे दोष समतोल आहेत. 'अन्यस्तु नाचरेत् तानि'. इतका स्वच्छ निषेध! त्याच्या थोडं आधी आणखी कडक इशारा येतो : युक्त प्राणायामाने सर्व रोगांचा क्षय होतो आणि अयुक्त अभ्यासाने सर्व रोग उद्भवतात. उचकी, दमा, खोकला, डोकं-कान-डोळे दुखणं अशी यादीसुद्धा दिली आहे. आपण यातला श्लोकाचा पहिला अर्धा भाग भिंतीवर रंगवला आणि दुसरा गाळला. फलश्रुती राहिली, अट गळाली.

आधुनिक योगोपचार सुरू झाला तोही 'कुणाला, किती' या प्रश्नानेच. नर्मदाकाठच्या मालसरच्या परमहंस माधवदासजींचे दोन शिष्य. श्री योगेंद्र यांनी १९१८ साली मुंबईत वर्सोव्याला योग इन्स्टिट्यूट सुरू केली आणि स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्यात कैवल्यधाम. कुवलयानंदांनी उड्डियान (श्वास सोडून पोट आत ओढणं) आणि नौली (पोटाचे स्नायू फिरवणं) यांच्या वेळी पोटाच्या आत दाब किती कमी होतो हे दाबमापकाने मोजलं, क्ष-किरणांनी आतडी आणि श्वासपटल पाहिलं. बस्तीत, म्हणजे गुदद्वारातून पाणी आत घेण्याच्या क्रियेत, पाणी वर का चढतं, याचं उत्तर त्यातून मिळालं : नौलीने मोठ्या आतड्यात अंशतः निर्वात स्थिती तयार होते. गुरूंच्या स्मरणार्थ तिला त्यांनी 'माधवदास व्हॅक्यूम' असं नाव दिलं. याचा अभिमान आपण बाळगतो तो 'विज्ञानाने योगाला मान्यता दिली' म्हणून. खरं महत्त्व वेगळं आहे. आत नेमकं काय घडतं हे कळलं की ते कुणाच्या पोटात घडू नये हेही कळतं.

पुढे पुण्यात बी. के. एस. अय्यंगार यांनी विटा, दोर, खुर्च्या, लोड, पट्टे वापरात आणले, कारण शरीर आसनापर्यंत पोहोचत नसेल तर आसनाने शरीरापर्यंत यावं. त्यांचे गुरू कृष्णमाचार्य यांच्या परंपरेत लंघन आणि बृंहण हा आयुर्वेदातला भेद आसन-प्राणायामाला लावला जातो : कुणाला हलकं करायचं, कुणाला भरून आणायचं. या सगळ्यांच्या पद्धती वेगळ्या, एकमेकांशी मतभेदही भरपूर. पण सगळ्यांची सुरुवात माणूस बघण्यापासून होते.

आंतरराष्ट्रीय योग दिवसासाठी ४५ मिनिटांचा जो सामाईक क्रम ठरवला आहे, तो मैदानावरच्या धडधाकट गर्दीसाठी म्हणून ठीकच आहे. योग प्रमाणन मंडळानेही शिकवणाऱ्याच्या पायऱ्या आणि उपचारकाच्या पायऱ्या वेगळ्या ठेवल्या आहेत. कागदावर भेद आहे. वर्गात मात्र तोच ४५ मिनिटांचा क्रम, तीच माणसं, फक्त फलकावर 'पाठदुखीसाठी' लिहिलेलं.

पाठदुखीचंच बघू या, कारण या दुखण्यावर योगाच्या बाजूने बऱ्यापैकी पुरावा आहे. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत दीर्घकाळच्या कंबरदुखीसाठी औषधांच्या आधी करून पाहायच्या उपायांत योगाचा समावेश केला. म्हणजे या दुखण्याची माणसं आपल्याकडे येणारच, डॉक्टरही पाठवणार.

समजा एकाच तासाला दोघं आले. दोघांच्याही कागदावर 'कंबरदुखी, पायात कळ' एवढंच. पहिला ३४ वर्षांचा. बसलं की वाढतं, तोंड धुवायला वाकलं की वाढतं, शिंक आली की पोटरीपर्यंत चमक जाते. चाललं की बरं वाटतं, पालथं पडलं की बरं वाटतं. दुसरे ७० वर्षांचे. बसले की काहीच त्रास नाही. उभं राहिलं, चालायला लागलं की पाच-दहा मिनिटांत दोन्ही पोटऱ्या जड होतात, मग कठड्यावर पुढे रेलून उभं राहिलं की सुटतं. पहिल्याची मणक्यांमधली गादी मागे सरकून नसेवर दाबत असावी. पुढे वाकलं की ती आणखी मागे ढकलली जाते. दुसऱ्यांची मणक्यातली पोकळीच अरुंद झालेली. मागे वाकलं की ती आणखी आवळते, पुढे वाकलं की मोकळी होते.

आता वहीतलं 'पाठदुखी' पान दोघांना लावा. भुजंगासन, धनुरासन, मर्कटासन, पवनमुक्तासन. पहिल्याला मकरासन आणि कोपर टेकवून केलेलं अर्धं भुजंगासन चालेल, पण दोन्ही गुडघे छातीशी घेणं सध्या नको, पादहस्तासन तर नकोच. दुसऱ्यांना नेमकं उलट : भुजंगासन, धनुरासन, उष्ट्रासन बंद, एकेक गुडघा छातीशी, मार्जारासनातला पाठ गोल करायचा अर्धा भाग, खुर्चीवर बसून पुढे रेलणं हे सगळं हवं. एक पान, त्यातला निम्मा भाग एकाला अपाय करणारा आणि उरलेला निम्मा दुसऱ्याला. सरासरीने उपयोग झाला असं आपण म्हणतो, आणि ज्याचं वाढलं तो यायचा थांबतो, म्हणून ते आपल्याला कधी कळतच नाही.

पहिल्यासारख्या माणसाबाबत शिक्षकाला आणखी एक गोष्ट यायला हवी. आसन करताना पायातली कळ वर सरकून मांडीत, मग नितंबात, मग कंबरेत आली तर ते चांगलं लक्षण, कंबर थोडी जास्त दुखली तरी. उलट कंबर हलकी वाटतेय पण कळ गुडघ्याखाली उतरली, तर तिथेच थांबायचं. विद्यार्थी नेमकं उलटं सांगतात, "सर, कंबर मोकळी झाली, फक्त पाय जरा बधिर झालाय." हे ऐकून ज्याला बरं वाटतं, तो उपचार करायला तयार नाही.

आणि काही वेळा चटई अंथरायचीच नाही. पायाचा अंगठा वर उचलता येत नाही, चालताना पाऊल घासतं. सायकलच्या सीटला टेकतो तो भाग बधिर झालाय. लघवी अडकते किंवा नकळत होते. असं काही असेल तर त्याच दिवशी डॉक्टर, उद्या नाही. ताप, विनाकारण घटलेलं वजन, आधी झालेला कर्करोग, आडवं पडूनही रात्रभर न थांबणारं दुखणं, हेही त्याच यादीत. ही यादी पाठ नसेल तर शिक्षकाला बाकी काहीही येत असून उपयोग नाही.

पहिली भेट कशी असावी, हे बहुतेक अभ्यासक्रमांत एका फॉर्मवर भागवलेलं असतं. नाव, वय, उंची, वजन, आजार, सही. आमच्या मते पहिल्या भेटीत आसन नसलं तरी चालेल. माणूस पाच मिनिटं शांत बसल्यावर रक्तदाब मोजा. वरचा आकडा १८० किंवा खालचा ११० च्या वर असेल तर आज काही नाही, डॉक्टरांकडे. श्वास पूर्ण एक मिनिट मोजा, पण 'श्वास मोजतोय' असं सांगू नका. सांगितलं की तो बदलतो. मनगट नाडी बघितल्यासारखं धरून ठेवा आणि नजर पोटावर ठेवा. प्रौढ माणसाचा विसावलेला श्वास साधारण १२ ते २० असतो. मग पाठीवर झोपवा. हनुवटी छताकडे उचलली जात असेल तर डोक्याखाली घडी घातलेली चादर लागणार. कंबर आणि जमीन यांच्यात मूठ जातेय का, गुडघ्याखाली लोड दिला की चेहरा सैलावतो का, छाती आधी उचलली जाते की पोट, हे सगळं दोन मिनिटांत दिसतं, आणि पुढचे दोन महिने त्याच्यावर चालतात.

गोळ्यांची नावं लिहून घ्यावीच लागतात. औषध बदलणं आपलं काम नाही, पण औषध शरीरात काय करतं ते आपल्या वर्गात दिसतं. बीपीच्या काही गोळ्या नाडी वाढू देत नाहीत, म्हणून नाडीवरून श्रम मोजायला गेलात तर फसाल. 'बोलता येतंय का' हे बघा. इतर काहींमुळे झटकन उठलं की भोवळ येते. शवासनातून उठताना कुशीवर वळणं, अर्धा मिनिट बसणं, मग उभं राहणं, हा रिवाज म्हणून शिकवू नका, कारण सांगून शिकवा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर भिंतीपासून लांब तोलासनं नकोत.

मधुमेहात तर आपला 'रिकाम्या पोटी या' हा नियमच आडवा येतो. नुसतं मेटफॉर्मिन घेणाऱ्याची साखर सहसा घसरत नाही. इन्शुलिन किंवा सल्फोनिलयुरिया गटातली गोळी घेणाऱ्याची घसरू शकते. त्याने वर्गाआधी साखर तपासावी. १०० च्या खाली असेल तर थोडं खाऊन मग यावं. ७० च्या खाली गेली तर १५ ग्रॅम साखर किंवा ग्लुकोज, म्हणजे तीनेक चमचे, लगेच द्यायचं, १५ मिनिटांनी पुन्हा तपासायचं, आणि त्या दिवशीचा वर्ग संपला. घाम, थरथर, चिडचिड, असंबद्ध बोलणं ही खूण. शवासनात घामाघूम होऊन गप्प पडलेला माणूस गाढ विश्रांतीत आहे असं समजू नका. त्याच्या खांद्याला हात लावा. रोज तळपायही बघायला सांगा : ज्याला पायाला संवेदना कमी आहे त्याला चटईवरचा खडा टोचल्याचं कळत नाही आणि डोळे मिटून वृक्षासनात तो पडतो.

आता कपालभाती. जितकं लोकप्रिय, तितकंच चुकीचं शिकवलं जाणारं. मुळात ही प्राणायामात मोडत नाही. सहा शुद्धिक्रियांतली ती एक, आणि ग्रंथात तिचं विशेषण आहे 'कफदोषविशोषणी'. म्हणजे वर सांगितलेली मेद-श्लेष्माची अट हिलाही लागू. कृती साधी आहे. खुर्चीवर किंवा घडी घातलेल्या घोंगड्याच्या कडेवर बसायचं, कणा उभा. एक हात बेंबीखाली. तिथला भाग आत झटकला की नाकातून श्वास बाहेर पडतो. झटका सोडून दिला की श्वास आपोआप आत येतो. ओढायचा नाही. पहिला आठवडा सेकंदाला एक या गतीने २० स्ट्रोक, अशी तीन आवर्तनं, मध्ये एक मिनिट नेहमीचा श्वास. बस.

चुका कुठे होतात? खांदे उडतात. चेहरा आक्रसतो. श्वास सोडताना पोट आत जाण्याऐवजी बाहेर येतं, हे तर इतकं सर्रास दिसतं की हात पोटावर ठेवल्याशिवाय कुणालाच सुरू करू देऊ नये. आणि सगळ्यात मोठी चूक वेगाची. मिनिटाला १२० केले की आत येणाऱ्या श्वासाला सैल राहायला वेळच उरत नाही. तो ओढला जातो, आणि नकळत नुसता भराभर छातीचा श्वास सुरू होतो. रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात, डोकं हलकं होतं, ओठांभोवती आणि बोटांत मुंग्या येतात. विद्यार्थ्याला वाटतं प्राण जागा झाला. काही शिक्षकांनाही तसंच वाटतं, हे अधिक काळजीचं. उपाय इतकाच : थांबा, नाकाने संथ श्वास घ्या, दोनेक मिनिटांत उतरतं. पुढच्या वेळी निम्मी गती.

आटोक्यात नसलेला रक्तदाब, हृदयविकार, गर्भावस्था, हर्निया, पोटाची ताजी शस्त्रक्रिया, अपस्मार, काचबिंदू, डोळ्याच्या पडद्याचा विकार, नुकतीच सरकलेली गादी, यांत कपालभाती नाही. दम्यात हा भराभर श्वास छातीत शिट्टी वाजवायला पुरतो. दम्याच्या माणसाला लांब उच्छ्वास द्या, भ्रामरी द्या. गुंजारव करताना श्वास आपोआप लांबतो आणि मोजावं लागत नाही. पंप हाताच्या अंतरावर असू दे, आणि रोजचा पंप 'आता योग सुरू केलाय' म्हणून कुणी थांबवला तर त्याला तिथल्या तिथे अडवा. भ्रामरीत बोटांनी डोळे दाबायची षण्मुखी मुद्रा काचबिंदूत वर्ज्य, हे जाता जाता.

डोळ्यांचं सांगायलाच हवं, कारण तिथे झालेलं नुकसान परत येत नाही. शीर्षासनात डोळ्यातला दाब सुमारे दुप्पट होतो, हे मोजलेलं आहे. निरोगी डोळा ते सहन करतो. काचबिंदूत मज्जातंतू आधीच दाबाखाली असतो. म्हणून नुसतं शीर्षासनच नाही, हृदयाच्या खाली डोकं जाईल असं सगळंच खोडायचं : सर्वांगासन, हलासन, पादहस्तासन, अधोमुख श्वानासन. भिंतीला पाय लावून केलेली विपरीतकरणीसुद्धा, कंबरेखाली लोड असेल तर. त्याऐवजी पाठीवर सपाट, पोटऱ्या खुर्चीच्या बैठकीवर. विश्रांती बरीचशी तीच, दाब नाही.

संथ श्वासाचं प्रमाण मात्र जवळपास सगळ्यांना बसवता येतं. चार आकड्यांत आत, सहात बाहेर, सेकंदाला एक आकडा. मिनिटाला सहा श्वास होतात, आणि या गतीच्या आसपास रक्तदाब सांभाळणारा प्रतिक्षेप अधिक तत्पर होतो. १:२ हे प्रमाण पुढचं, घाई नको. उच्च रक्तदाबात कुंभक, म्हणजे श्वास रोखून धरणं, तर नकोच. मात्रा जास्त झाली हे ओळखायची खूण सोपी आहे : मधेच एखादा श्वास घाईने गिळल्यासारखा आला की आकडा मोठा आहे. तीन आत, चार बाहेर करा. विद्यार्थी आकडे सांगतो, शरीर खरं सांगतं.

जलनेती (मिठाच्या पाण्याने नाक धुणं) आम्ही इथे घेतोय ती एकाच कारणाने, प्रमाण सांगितलं जात नाही म्हणून. 'कोमट पाणी, चिमूटभर मीठ' हे माप नव्हे. अर्ध्या लिटरला साधारण साडेचार ग्रॅम मीठ, म्हणजे सपाट चमच्याला थोडं कमी. मीठ कमी पडलं की नाकात पोहायच्या तलावासारखं झोंबतं, जास्त झालं तरी आग होते; बरोबर असलं की काहीच वाटत नाही. पाणी उकळून कोमट केलेलं हवं, नळाचं थेट नको, कारण न उकळलेल्या पाण्यातले काही अमीबा नाकावाटे मेंदूपर्यंत जाऊ शकतात. दुर्मीळ, पण जिवावर बेतणारं. तोंडाने श्वास घेत डोकं बाजूला कलवायचं. क्रिया संपल्यावर खरी चूक होते : एक नाकपुडी गच्च दाबून जोरात शिंकरणं. त्याने पाणी कानाकडे ढकललं जातं आणि दुसऱ्या दिवशी कान दुखतो. पुढे वाकायचं, डोकं डावीकडे, उजवीकडे, खाली, दोन्ही नाकपुड्या उघड्या ठेवून हलकेच फुंकायचं. कानात संसर्ग, नाकाची ताजी शस्त्रक्रिया, वारंवार घोळणा फुटणं असेल तर नेती नाही. मिठाचं पाणी पिऊन आतडी धुण्याच्या शंखप्रक्षालनाबद्दल एवढंच : इतकं मिठाचं पाणी मूत्रपिंड, हृदय किंवा रक्तदाबाच्या रुग्णाला देणं हा उपचार नाही, आणि रविवारच्या सामूहिक शिबिरात तर अजिबात नाही.

मात्रा हा शब्द आपण औषधाला वापरतो, आसनाला नाही. का? उपचारात सुरुवातीला पाच-सहा क्रिया, ३० ते ४० मिनिटं, शेवटची दहा शवासनाची, एवढं पुष्कळ होतं. दुखणं शून्य ते दहा या मोजपट्टीवर सांगायला लावा. करताना ते तीन-चारच्या वर जाऊ नये, आणि २४ तासांत मूळ जागी यावं. दुसऱ्या दिवशी जास्त दुखतंय म्हणजे मात्रा जास्त झाली. 'जुना आजार बाहेर पडतोय' हे उत्तर आपल्या वर्गातून कायमचं हद्दपार करा. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. तीन नवी आसनं, नवा प्राणायाम आणि रात्रीचं जेवण बंद, हे सगळं एका आठवड्यात केलं तर फायदा कशाने झाला आणि पित्त कशाने उसळलं, दोन्ही कळत नाही. तारीख, क्रिया, किती आवर्तनं, आधीचं आणि नंतरचं दुखणं, झोप. वहीत पाच रकाने. हे लिहायला दोन मिनिटं लागतात, तरी तीन महिन्यांची अशी वही दाखवू शकेल असा प्रमाणपत्रधारक विरळा.

शवासनही खोडण्यातून सुटत नाही. गर्भावस्थेच्या विसाव्या आठवड्यानंतर पाठीवर नाही, डाव्या कुशीवर. आम्लपित्त उसळत असेल तर छातीपासून वर उताराने लोड. पाठीला बाक असेल तर डोक्याखाली जाड घडी. आणि ज्याच्या मनावर मोठा आघात झालेला आहे त्याला 'डोळे मिटा' असं बजावू नका. त्याला दार दिसेल अशी जागा द्या, डोळे उघडे राहिले तरी चालतील.

दाव्यांबद्दल दोनच वाक्यं. तुमच्या माहितीपत्रकांतून 'मुळापासून बरा' आणि 'गोळ्यांपासून मुक्ती' हे शब्द काढा. टाइप १ मधुमेहात इन्शुलिन थांबलं तर माणूस काही दिवसांत दगावू शकतो, आणि ते माहितीपत्रक तुमच्या नावाचं असतं.

आता मागणी. योगोपचाराच्या अभ्यासक्रमात किमान एक चतुर्थांश तास निषेध, पर्याय आणि नोंदी यांना द्या. प्रत्येक आसनाच्या पाठात 'लाभ' या रकान्याइतकाच मोठा 'कुणाला नको, का नको, त्याऐवजी काय' हा रकाना असू द्या. 'का' महत्त्वाचं, कारण कारण कळलं की यादीत नसलेला माणूस समोर आला तरी शिक्षक अडत नाही. मधुमेह, पाठदुखी, दमा अशा नावांची आयती आसनपत्रकं वाटणं बंद करा. त्याऐवजी प्रत्येक प्रशिक्षणार्थ्याने जाणत्या उपचारकाच्या देखरेखीखाली किमान पाच माणसांबरोबर तीन महिने काम करून वह्या सादर कराव्यात. तपासण्यांचे अहवाल वाचून निदान करायला शिकवू नका, पण कोणती अक्षरं दिसली की थांबायचं ते शिकवा.

आणि प्रात्यक्षिक परीक्षेत चक्रासन करून दाखवायला सांगण्याऐवजी एक फॉर्म द्या. नमुन्यादाखल हा घ्या : स्त्री, वय ५८. पाळी जाऊन बारा वर्षं. दोन वर्षांपूर्वी घरातच घसरून मनगट मोडलं होतं. रात्री छातीत जळजळते. मान दुखते, उजव्या हाताला मुंग्या येतात, हल्ली हातातून कप निसटतो. 'मानदुखीसाठी योग हवा आहे.' उमेदवाराला दहा मिनिटं आणि लाल पेन द्या. शीर्षासन, सर्वांगासन, हलासन मानेमुळे खोडायला हवं. साध्या पडण्याने मोडलेलं मनगट हाडं ठिसूळ असल्याचं सुचवतं, म्हणून पाठ गोल करून पुढे वाकायची आसनं आणि मोकळ्या जागेतली तोलासनं खोडायला हवीत. अधोमुख श्वानासन जळजळीमुळे आणि मनगटामुळेही. पण या सगळ्याच्या वर, पहिल्या ओळीत, हातातून कप निसटतो म्हणजे आधी डॉक्टरांकडे, हे लिहिलेलं असलं पाहिजे. ती ओळ न लिहिता ज्याने आसनं निवडायला सुरुवात केली, त्याचा पेपर तिथेच थांबवा.

आपले,
योगोपचाराचं काम करणारे काही शिक्षक